आमची रोजची भाकर: ऑटिझम असलेलं मूल, मंडळी आणि आमची प्रार्थना

पाखर (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार, आणि ख्रिस्ती वाचकांना जय ख्रिस्त.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर एका ओळखीच्या बाईंनी माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "प्रभू याला लवकर बरं करो." मायेनेच म्हणाल्या. पण माझ्या तोंडून आमेन निघालं नाही. घरी येऊन कुकर लावला, कपडे वाळत घातले, तरी तेच डोक्यात. इतकी वर्षं हीच प्रार्थना मी स्वतः करत होते, मग आता आमेन का अडलं? इथे बरेच पालक आहेत, काही मंडळींतलेही (म्हणजे चर्चमधलेही) आहेत, म्हणून लिहिते आहे.

मुलगा ९ वर्षांचा. घरात बाळू म्हणतो, इथेही तेच म्हणते. २ वर्षं ८ महिन्यांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. नावाने हाक मारली तर वळायचा नाही, पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत यायचा, म्हणजे कान ठीक होते. "ते बघ" म्हणून बोट त्याने कधी दाखवलं नव्हतं. पहिलंच मूल. बोट दाखवणं ही एवढी मोठी गोष्ट असते हे मला डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं.

माझं माहेर नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, नेवाशाकडचं. ख्रिस्ती होऊन आमची चौथी पिढी. आजोबा शाळामास्तर, मंडळीच्या पंच कमिटीत. आमच्याकडे काही दुखलं-खुपलं की प्रार्थना आणि काही चांगलं झालं की उपकारस्तुतीची सभा. त्यामुळे निदान झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी जे यायचं तेच केलं. सासूबाईंनी दर शुक्रवारचा उपास धरला. मी पहाटे उठून गुडघे टेकायचे. मागणं एकच, याला बोलू दे, इतर मुलांसारखा कर.

तो चार वर्षांचा व्हायच्या आधी कोणीतरी एका आरोग्यदानाच्या (प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या) सभेचं सुचवलं. मोठा मंडप, चारी कोपऱ्यांत स्पीकर. पहिल्या गाण्यालाच बाळूने कानांवर हात दाबले आणि खुर्चीखाली शिरला. पुढे बोलावलं तेव्हा त्याला उचलूनच न्यावं लागलं. उपदेशकांनी माईक हातात ठेवूनच त्याचं डोकं दाबलं, तो चावला, आणि माईकवरून सगळ्यांना सांगण्यात आलं की आतला आत्मा विरोध करतो आहे. मी त्याला घेऊन बाहेर आले आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या एका रिक्षात बसून राहिले. रिक्षावाल्या दादांनी काही न विचारता मागचा दिवा बंद केला. बाळू त्या रात्री झोपला नाही. पहाटे मी नवऱ्याला म्हटलं, आत्मा-बित्मा काही नाही हो, त्याचे कान दुखत होते.

यानंतर काही महिन्यांनीच घडलेली गोष्ट सांगते. दुपारची वेळ, मी भाकरी थापत होते. बाळू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे."

हे प्रभूच्या प्रार्थनेतलं वाक्य, अगदी मंडळी चर्चमध्ये म्हणते त्या लयीत. 'भाकर'वर थोडं थांबून, 'दे' खाली उतरवून. तोपर्यंत 'आई' हा शब्दही त्याच्या तोंडून आलेला नव्हता.

मला काही सुचेना. मी परातीतली भाकरी तशीच सोडून त्याच्यापुढे बसले आणि रडत राहिले, आणि बिचारा तेच वाक्य पुन्हा म्हणाला, कारण भूक लागली होती आणि भाकर काही मिळत नव्हती! वाचा-उपचारवाल्या ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी समजावलं की काही मुलं एकेक शब्द जोडत बोलायला शिकत नाहीत. ऐकलेलं आख्खं वाक्य साठवतात आणि जिथे ते लागू पडेल तिथे काढतात. पोपटपंची समजून सोडून देऊ नका, हे त्याचं बोलणं आहे, मागितलं की लगेच द्या. तेव्हापासून आम्ही कान देऊन ऐकायला लागलो. "आपण उभे राहू या" म्हणजे त्याला इथून निघायचं आहे. "गीत क्रमांक एकशे सत्तावीस" म्हणजे तो खुशीत आहे. पाहुणे फार वेळ बसले की तो आशीर्वादाचे शब्द म्हणतो, जे उपासनेच्या अगदी शेवटी येतात.

मी रोज पहाटे ज्या देवाकडे त्याची वाचा मागत होते, त्याच देवाच्या घरात बसून तो इतके दिवस शब्द गोळा करत होता आणि मला पत्ता नव्हता.

आमच्या चर्चचा त्याला एक मोठा फायदा झाला. उपासनेचा क्रम ठरलेला असतो. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, प्रभूची प्रार्थना कुठे येते, सगळं दर रविवारी तेच. लोक म्हणतात जुनाट पद्धत, तरुण येत नाहीत. पण पुढे काय होणार हे माहीत असलं की माझा मुलगा दीड तास बसतो. भिंतीवरच्या गीत क्रमांकांच्या फळ्यावर त्याचा फार जीव. वर्षभरापासून आकड्यांच्या पाट्या तोच लावतो. लोकांनाही त्याच्याशी बोलायला काहीतरी मिळालं.

आता माझ्या प्रार्थनेत त्याची झोप असते, दाढ दुखत असली तर ती असते, त्याला एखादा मित्र मिळावा हे असतं. ऑटिझम जावा असं मी मागत नाही, कधी बंद झालं आठवतही नाही. नवरा म्हणतो, तुझा विश्वास कमी झाला की वाढला? मला उत्तर देता येत नाही. तुमच्या घरी कसं आहे?

(एक सांगायचं राहिलं. ऑटिझमसाठी वापरतात तो 'स्वमग्न' हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. स्वतःत मग्न असलेल्या मुलाने, बाळू मागतो तशी, माझ्या रिकाम्या ताटाकडे बघून माझ्यासाठी भाकर मागितली नसती.)

---

वसईचावारा (रविवार, रात्री ११:२५)

पाखरताई, भाकरीचं वाचून मी उठून पाणी प्यायलो.

आम्ही कॅथलिक, वसईतले. मुलगा १० वर्षांचा, मोजकंच बोलतो. आमचा घोळ वेगळ्याच भाकरीवरून झाला. पहिल्या कम्युनियनचं (चर्चमध्ये पहिल्यांदा आशीर्वादित भाकर घेण्याचं) वय झालं, धर्मशिक्षणाच्या वर्गात खूप मुलं, त्यात त्याला बसणं अशक्य. शेजारपाजारचे म्हणू लागले, राहू दे की, त्याला काय कळणार, देव समजून घेईल. बायकोला ते फार लागलं. ती म्हणाली, देव समजून घेईल हे खरं, पण तुम्ही त्याला जेवणाच्या टेबलावरून उठवताय त्याचं काय?

फादरांकडे गेलो तेव्हा त्यांनी परीक्षा वगैरे काही घेतली नाही. एवढंच विचारलं की रोजच्या खाण्यापेक्षा हे वेगळं आहे हे त्याला त्याच्या परीने कळतं का. त्याला कळत होतं. मिस्सेत (आमच्या उपासनेत) त्या क्षणी घंटा वाजली की तो हात हलवायचं थांबवतो, एरवी कधीच थांबवत नाही. तेवढं फादरांना पुरलं.

मग खरी अडचण आली. कम्युनियनच्या भाकरीची ती पातळ कोरडी चकती टाळूला चिकटते आणि त्याला ओकारी येते. सिस्टरांनी आशीर्वादित न केलेल्या काही चकत्या घरी दिल्या. आम्ही एकेक नखाएवढा तुकडा करून, घोटभर पाण्याबरोबर, दोन महिने सराव केला. कोणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो: अगदी लहानसा तुकडा घेतला तरी कम्युनियन पूर्णच असतं, आणि भाकर घेताच येत नसेल तर नुसत्या द्राक्षारसाच्या रूपात देण्याची सोय कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायद्यातच आहे, कलम ९२५. त्याच कायद्यात अपंग मुलांच्या धर्मशिक्षणाची सोय करणं हे धर्मगुरूचं काम म्हणून लिहिलं आहे, कलम ७७७. म्हणजे आपण काही मेहेरबानी मागत नाही.

त्या दिवशी सगळ्या मुलांना कडक कॉलरचे पांढरे कोट होते. त्याने आत जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला बनियन घातला, कोटाचं मागचं लेबल कापून टाकलं, आणि बूट न घालता सँडल. फोटोत सँडल दिसतात. दिसू देत.

---

विश्वासयात्री (सोमवार, सकाळी ७:१०)

ताई, तुमचं दुःख मी समजतो. त्या सभेत जे झालं ते चूकच, मुलाशी असं वागणं कुठल्याही सेवकाला शोभत नाही.

पण एक गोष्ट प्रेमाने सांगतो. मागणं सोडू नका. प्रभूने आंधळ्यांना दृष्टी दिली, मुक्यांना वाचा दिली. जो आकाश आणि पृथ्वी घडवतो त्याला एका लेकराचा मेंदू अवघड आहे का? आहे ते स्वीकारलं म्हणणं कधी कधी थकव्यातून येतं. माझ्या पुतणीसाठी आम्ही ६ वर्षं मागतो आहोत आणि मागत राहू.

---

पाखर (सोमवार, दुपारी १:०५)

विश्वासयात्री, थकव्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत. पहिली तीन वर्षं मी खरोखर थकले होते. आता नाही, म्हणून तर हे लिहू शकते.

देवाला अवघड आहे असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न असा आहे की मी मागत काय होते. ताप उतरावा म्हणून प्रार्थना केली आणि ताप उतरला, तर मुलगा तोच राहतो. पण बाळूतून ऑटिझम काढला तर मागे कोण उरेल ते मला दिसत नाही. पंख्याच्या आवाजावरून रेग्युलेटर कितीवर आहे ते सांगणारा, माझा ओला केस गालाला लावून झोपणारा, हा सगळा तोच आहे. दररोज पहाटे देवाला 'याच्याऐवजी दुसरा दे' म्हणत होते की काय, अशी शंका आली आणि मग ते शब्द येईनात.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात मोशे म्हणतो की माझी जीभ जड आहे, मला बोलता येत नाही. देव त्याला विचारतो, माणसाला तोंड कोणी दिलं? आणि पुढे काय होतं, तर मोशेची जीभ काही मोकळी होत नाही. देव त्याच्या बरोबर त्याच्या भावाला, अहरोनाला देतो. तुझ्या वतीने तो बोलेल. हा अध्याय मी लहानपणापासून किती वेळा ऐकला असेल, पण हे कधी दिसलं नव्हतं. आता बाळू शाळेत चित्रं दाबून बोलायचं टॅबलेट वापरतो, त्याला आम्ही घरात अहरोनच म्हणतो. "अहरोन चार्ज केला का?"

तुमच्या पुतणीसाठी मीही प्रार्थना करीन. तिची झोप कशी आहे? पोट? सांगितलंत तर नेमकं मागता येईल.

---

करवीरकर (सोमवार, रात्री ९:५०)

मी कोल्हापूरचा. मुलगी १९ वर्षांची, बोलत नाही, तिला फिट्सही येतात. ऑटिझम असलेल्यांत फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, नवीन पालकांनी हे माहीत ठेवा, विशेषतः मूल वयात येताना.

विश्वासयात्रींना आणि सगळ्यांनाच हात जोडून एक सांगायचं आहे. प्रार्थना हवी तेवढी करा, गोळी बंद करू नका. ती १२ वर्षांची असताना एका सभेत आम्हाला सांगितलं गेलं की औषध घेणं म्हणजे शंका घेणं. आम्ही चार दिवस गोळ्या बंद ठेवल्या. पाचव्या दिवशी तिला लागोपाठ फिट्स आल्या आणि ती दवाखान्यात होती. ते चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. गोळी आम्ही बंद केली, दुसऱ्या कोणी नाही, आणि भोगलं तिने.

तसंच पेशी-उपचारांचं. मूळपेशींची सुई दिली की मूल बोलू लागतं म्हणून लाखो रुपये घेणारे आपल्या राज्यातच भेटतील. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांसोडून मूळपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागितले की उठून या.

आता कामाचं. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम स्वतंत्रपणे धरलेला आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या शाळेत किंवा तुम्हाला हव्या त्या विशेष शाळेत. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून, अर्ज यूडीआयडीच्या (अपंगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवर. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही येतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत अपंग मुलाच्या सांभाळासाठी ७५,००० रुपयांची वजावट, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००.

आणि मूल १८ चं झालं की कायद्याने तुम्ही आपोआप पालक राहत नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आमच्याकडे कोणी सांगितलं नाही, बँकेत खातं उघडायला गेल्यावर कळलं. आधीपासून कागद गोळा करा.

---

निळी_छत्री (मंगळवार, पहाटे २:३०)

मी ३१ वर्षांची आहे आणि मला स्वतःला ऑटिझम आहे. निदान २७व्या वर्षी झालं. कॅथलिक घर, मुंबई, सॉफ्टवेअर तपासणीचं काम करते. पालकांच्या धाग्यावर सहसा लिहीत नाही, कारण आमच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं आणि आम्ही मध्ये बोललो की "तुम्हाला तर बोलता येतं" असं ऐकावं लागतं. पण पाखरताईंनी लेबलं लावली नाहीत म्हणून लिहिते.

आधी चांगलं. मलाही मिस्सा आवडायची ती क्रम ठरलेला असतो म्हणून. एकमेकांना शांती देण्याची वेळ येते तेव्हा आपल्याकडे हात जोडून मान लववतात. मी एक वर्ष कॅनडात होते, तिथे त्या वेळी सगळे हात हातात घ्यायचे, काही मिठी मारायचे. मला रविवारच्या आदल्या रात्री झोप यायची नाही. आपला नमस्कार किती मोठी सोय आहे हे तिथे जाऊन कळलं.

आता जे खुपलं ते. बाळू पाट्या लावतो म्हणून लोक त्याच्याशी बोलायला लागले, असं तुम्ही आनंदाने लिहिलंय. मला वाचताना पोटात गोळा आला. मी शाळेत गणितात पहिली यायचे तोवर माझा विचित्रपणा चालून गेला. एका परीक्षेत आजारी पडले, मार्क गेले, आणि त्याच बाईंना माझं डोळ्यांत न बघणं एकदम उद्धट वाटायला लागलं. उद्या बाळूला पाट्यांचा कंटाळा आला तर? करवीरकरांची मुलगी पाट्या लावू शकत नसेल तर तिची जागा कुठे? काहीतरी करून दाखवल्यावर मिळालेली जागा कधीही जाऊ शकते, हे आमच्यासारख्यांना लहानपणीच कळतं आणि मग आम्ही जन्मभर करून दाखवत राहतो. मी २७ वर्षं दाखवलं आणि मग सहा महिने अंथरुणात होते.

बोलणं कडक वाटलं तर माफ करा. तुम्ही त्याला मंडपातून बाहेर घेऊन आलात. माझ्या आईला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर तिनेही आणलं असतं.

---

सई_गोखलेनगर (मंगळवार, सकाळी ११:१५)

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचते आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत ढोल सुरू झाला की माझा भाचा जिन्याखाली जाऊन बसतो आणि आजी म्हणते देवाच्या कार्यात असं करू नये. आता तिला मोशेची गोष्ट सांगणार आहे, तिला पटेल.

---

एक_पाळक (मंगळवार, रात्री १०:२०)

मराठवाड्यातल्या एका लहान मंडळीचा पाळक आहे. माझ्या मंडळीत अशी दोन मुलं आहेत आणि त्यांच्या बाबतीत पहिली काही वर्षं माझं चुकलंच. एका आईला मी उपदेशाच्या मध्येच थांबून मुलाला बाहेर न्यायला सांगितलं होतं. ती पुढे आठ महिने आली नाही. मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली, तरी त्या आठ महिन्यांचा हिशेब माझ्याकडे आहे.

विश्वासयात्री, मार्काच्या सातव्या अध्यायात बहिऱ्या-तोतऱ्या माणसाची गोष्ट आहे. होय, प्रभूने त्याला बरं केलं. पण त्याआधी काय केलं ते बघा. त्याला लोकांच्या गर्दीतून बाजूला, एकांतात नेलं. कानाला बोट लावलं, जिभेला स्पर्श केला, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला कळेल अशा खुणेने आधी सांगितलं. मग शब्द. आम्ही सेवक लोक शेवटचा भाग माईकवर करतो आणि पहिला भाग विसरतो.

निळी छत्री, तुमच्या प्रश्नावर मी आज दिवसभर विचार करतो आहे. माझ्याजवळ एकच गोष्ट आहे, पवित्र शास्त्रातल्या २ शमुवेल या पुस्तकाचा नववा अध्याय. मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन पळताना पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. दावीद राजा त्याला शोधून आणतो. त्याच्याकडून काम घ्यायचं म्हणून नाही, त्याचा बाप योनाथान आपला मित्र होता म्हणून. मफीबोशेथ स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणतो. राजा त्यावर वाद घालत नाही, फक्त सांगतो की हा रोज माझ्या पंक्तीला जेवेल. आणि अध्यायाचं शेवटचं वाक्य काय आहे? तो राजाच्या पंक्तीला जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. बस. बरा झाला असं नाही, राज्याच्या उपयोगी पडला असंही नाही. या अध्यायावर मी निदान चार वेळा बोललो असेन, दर वेळी दाविदाच्या मोठेपणावर. पंक्तीत बसलेल्याकडे बघितलं नव्हतं.

आमच्याकडे आता केलेले बदल लहान आहेत. भिंतीवरचे दोन स्पीकर काढले, लोकांच्या तीन आठवडे तक्रारी आल्या, मग थांबल्या. मागच्या दाराजवळचा बाक आत-बाहेर करणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतो. नाताळात कॅरोलची मंडळी रात्री घरी जाते तेव्हा त्या दोन घरी आधी निरोप देतो, ढोलकी खालीच ठेवतो, आणि दारात एकच गीत. शब्बाथ शाळेच्या शिक्षिकेने पवित्र शास्त्रातल्या गोष्टींच्या चित्रांच्या पट्ट्या केल्या, त्या आता सगळीच मुलं मागतात.

---

पाखर (बुधवार, रात्री ११:००)

निळी छत्री, तुमचं लिहिणं वाचून मी दोन दिवस गप्प होते. राग आला म्हणून नाही.

मे महिन्यात बाळूच्या हातावर पुरळ उठलं होतं, लाकडाच्या पाट्या नकोशा झाल्या. दोन रविवार तो फळ्याकडे गेला नाही. दुसऱ्या एका मुलाने आकडे लावले. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं होतं की बाळू आज शांत आहे. तुमचं वाचल्यावर ते दोन रविवार पुन्हा आठवून पाहिले. कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं. एकही माणूस नाही. तिसऱ्या रविवारी तो पुन्हा पाट्या घेऊन उभा राहिला तेव्हा "आला का आमचा बाळू!" म्हणत सगळे जमले, आणि तो तर तिन्ही रविवारी आलेलाच होता.

पाट्या मी काढून घेणार नाही, त्याला आवडतात. पण पंच कमिटीपुढे मी बोलायचं ठरवलंय, आणि मफीबोशेथाचा अध्याय घेऊन जाणार आहे. पाळकबाबा, तुमची परवानगी गृहीत धरते. करवीरकरदादा, तुमची मुलगी आमच्या चर्चमध्ये आली तर तिच्यासाठी कुठली जागा आहे, असा प्रश्न मी तिच्याच शब्दांत विचारू शकत नाही, म्हणून तुमच्या शब्दांत विचारीन.

---

करवीरकर (बुधवार, रात्री ११:४५)

विचारा. तिला खिडकीजवळची जागा लागते. बाकी काही नाही.

---

मेरीआत्या (गुरुवार, दुपारी ३:३०)

माझी सून हा धागा वाचून दाखवते, तिच्याकडून लिहून घेते आहे. नातू ३ वर्षांचा, गेल्या महिन्यात निदान झालं. आम्ही जालन्याचे, आता मुलाकडे चिंचवडला आलो. नातेवाईक म्हणतात, सुनेने गरोदरपणात मोबाईल पाहिला, कोणी म्हणतं गोवराच्या लसीने झालं, कोणी म्हणतं ती नोकरी करते म्हणून मायेला पारखा झाला. पोरगी रोज रडते. मी म्हातारी, तिला काय सांगू? आणि रविवारी त्याला चर्चला न्यावं का, तो फार ओरडतो.

---

वसईचावारा (गुरुवार, संध्याकाळी ६:००)

आत्या, सुनेला सांगा की तिच्यामुळे झालेलं नाही. लस आणि ऑटिझमचा संबंध सांगणारा लेख १९९८ साली एका ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आला होता, तो खोटा निघाला आणि २०१० मध्ये त्याच साप्ताहिकाने मागे घेतला. लेख लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवानाही गेला. आईच्या मायेच्या कमतरतेने होतं असं पूर्वी मोठमोठे डॉक्टरही म्हणायचे, तेही कधीच निकालात निघालं. मुख्य वाटा जनुकांचा असतो. लस चुकवू नका, गोवर फार वाईट.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य विचारतात ना, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभूचं उत्तर आहे, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. तेवढं वाक्य नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. तुम्ही वाचलंत तर ऐकतील, सुनेने वाचलं तर ऐकणार नाहीत.

---

पाखर (गुरुवार, रात्री ९:३५)

आत्या, चिंचवडला म्हणजे तुम्ही आमच्याजवळच आहात. नातवाला जरूर आणा. पत्ता निरोपातून पाठवते.

आधी एखाद्या शनिवारी संध्याकाळी या, चर्च रिकामं असतं. त्याला बाकांमधून फिरू दे, पेटीचा आवाज ऐकू दे, दार कुठे आहे ते बघू दे. रविवारी उपासना साडेआठला असते. पहिल्या वेळी पहिल्या गीतापर्यंतच थांबा आणि त्याचं नीट चाललेलं असतानाच निघा, ओरडायची वाट पाहू नका. खिशात त्याच्या आवडीचं काहीतरी कोरडं खायला ठेवा. ओरडला तर ओरडू दे, सुनेने एकटीने बाहेर पळायचं नाही, मी बरोबर येईन.

आम्ही मागच्या दाराजवळ डावीकडे बसतो, पंख्याखालचा बाक सोडून त्याच्या पुढचा. मोठे निळे कानबंद लावलेला मुलगा दिसेल, तो बाळू. तो तुमच्याकडे बघणार नाही, पण सरकून जागा करून देईल. आणि भाकर मागितली तर माझ्या पिशवीत असते, त्याला थोडी द्या.